सरांची वाघर

सर वेडे होते की शहाणे, याचा निकाल आमच्या दूध संघाच्या कचेरीत शेवटपर्यंत लागला नाही. लागणार कसा? ते दिवसभर काय करतात हे निम्म्या लोकांना कळत नव्हतं, आणि उरलेल्यांना उगाच कळतंय असं वाटत होतं. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून दुधाचे आकडे मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये, भरायचे, म्हणजे सगळ्यात जवळची मीच. पण मला तरी काय कळलं? आज कुणी विचारलं, काय गं, कसा होता तो माणूस, तर मी सरळ ही गोष्ट सांगायला लागते.

ते मूळचे आष्टीकडचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. हे शिकले, पुण्याला कंपनीत लागले, तिथं बरीच वर्षं प्रोग्रॅम लिहिले आणि एक दिवस सगळं सोडून केजला आमच्या संघात आले. का आले, विचारलं तर म्हणायचे, "तिकडं गलका लई." आता बोला! आमच्या कचेरीच्या खाली जीपवाले गिऱ्हाईक ओढायचे, वर पंखा करकरायचा आणि मधे सेक्रेटरी अण्णा फोनवर बोलायचे ते फोन नसता तरी बीडपर्यंत ऐकू गेलं असतं.

सरांचं सगळं वेगळं. कप स्वतःचा, पाणी स्वतःचं, खुर्ची घरून आणलेली. चपला दाराबाहेर काढून, हात धुऊन मग मशीनला बसायचे. पहिल्यांदा आम्हाला वाटलं सोवळं-ओवळं पाळतात. तसलं काही नव्हतं, देवाला ते लांबूनच नमस्कार करायचे. पण बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही, हा त्यांचा धर्म. कुणाशी हात मिळवायचे नाहीत, पाठीवर थाप नाही की टाळी नाही. एकदा वसुलीच्या साहेबांनी बढती मिळाली म्हणून पेढा हातावर ठेवायला हात पुढं केला, तर सरांनी कागद पुढं केला. साहेब आठवडाभर फुगून बसले.

दुसरी खोड म्हणजे मोडायची. काही बिघडलं की ते दुरुस्त करायचे नाहीत. "मोडा. पयल्यापासनं उभं करा," एवढंच म्हणायचे. बोलतानासुद्धा तेच. मधे कुणी तोंड घातलं की अख्खं वाक्य टाकून द्यायचे आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू. अण्णांना मधे बोलल्याशिवाय राहवत नसे, त्यामुळं दोघांचा एक विषय कधी संपल्याचं मला आठवत नाही. आम्ही बाया पदर तोंडाला लावून हसायचो.

संचालकांच्या बैठकीतला किस्सा तर तालुकाभर झाला. भिंतीवर चित्र पाडून सर काहीतरी दाखवत होते आणि चित्र सारखं जायचं-यायचं. दुसऱ्या कुणी वायर हलवून बघितली असती. सर म्हणाले, "एकेक जन भाईर जावा." मोठमोठे पुढारी, बागायतदार, कुणाच्या बोटात अंगठ्या, कुणाच्या पायात कोल्हापुरी, सगळे एकेक करून व्हरांड्यात. चित्र तरी नाचतंच. शेवटी चेअरमन उरले. ते लाल होऊन बाहेर गेले आणि चित्र एकदम गप्प! सर बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "दोष चेअरमनसायबात हाय." साहेबांना टेबलाखाली पाय हलवायची सवय, तो वायरीला लागत होता. पण हे सांगायच्या आत अर्धे संचालक जिना उतरले होते. नोकरी राहिली हे सरांचं नशीब. राहिली याचं कारण एकच, त्या वर्षी आम्हाला त्यांची गरज होती.

ते वर्ष म्हणजे... जाऊ द्या. तळ्यात भेगा, विहिरीत गाळ, आणि दूध इतकं आटलं की गावाबाहेरचं आमचं शीतकरण केंद्र बंद करावं लागलं. त्याच्याच आवारात संघानं चारा छावणी उघडली. कारखान्याकडून ऊस यायचा, टँकरनं पाणी यायचं, आणि प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावरून कचेरीतलं मशीन चिठ्ठी छापायचं. चिठ्ठी दाखवली तर चारा. हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्यांवरून आधी डोकी फुटली होती, तेव्हापासून चेअरमनचा हुकूम होता: मशीनची चिठ्ठी नाही तर कांडकं नाही.

त्या छावणीत माझे आप्पा होते. आप्पा आणि हरणी. बाकीची दावण आधीच रिकामी झाली होती. बैल गेले, म्हैस गेली. हरणी तेवढी आईच्या हातची म्हणून राहिली. आई तिला कालवड असताना ताटलीत पेज पाजायची. आई गेली आणि हरणी उरली. मी घरून भाकरी घेऊन गेले की आप्पा आधी तिच्याकडं बघायचे, मग माझ्याकडं. एकदा म्हणाले, "पोरी, ज्या दिशी चिठ्ठी येनार न्हाई त्या दिशी मी हिला बाजारात नेनार. उपाशी बघायचं बळ माझ्यात न्हाई." मी म्हटलं, कशाला अभद्र बोलता? पण आप्पा उगीच बोलणाऱ्यातले नव्हते आणि मला ते माहीत होतं.

चिठ्ठ्या छापायचा जुना प्रोग्रॅम कुठल्याशा कंपनीचा होता. चेअरमनना संघाचा स्वतःचा हवा होता, तालुक्यातल्या सगळ्या छावण्यांत चालेल असा. म्हणून सर. आणि इथून माझ्या गोंधळाला सुरुवात होते, कारण सर प्रोग्रॅम लिहून मोकळे झाले होते. तो त्यांच्या मशीनवर चालतही होता. मग अडलं कुठं?

"ह्या मशीनीवर चालतो म्हंजे चालतो न्हवं," सर म्हणाले. "हिच्या पोटात धा वर्साचा कचरा हाय. त्याच्या जिवावर चालत आसंल. ताई, तुमी वाघर बघितलीय का?"

वाघर मी बघितली होती. मेंढपाळ रानात मेंढरं बसवतात तेव्हा चौफेर सुतळीची जाळी उभी करतात, ती. सर म्हणाले, प्रोग्रॅमसाठी मशीनच्या पोटात तशीच कोरी जागा करायची. त्याला लागणारं सामान इंटरनेटवरच्या कोठारातून मोजून आत आणायचं. बाहेरच्या मशीनमधलं काडीचंही उसनं घ्यायचं नाही. त्या जागेत तो तयार झाला, तरच कुठल्याही छावणीत चालेल. एवढं मला पटलं. पण ती वाघर उभीच राहीना! रोज सकाळी सर सुरू करायचे, पडद्यावर ओळी धावायच्या, आणि मधेच लाल अक्षरं. सर वाचायचे, डोकं खाजवायचे, सगळं मोडायचे, परत पहिल्यापासून.

"काय म्हणतंय?" मी विचारायचे.

"म्हनतंय, कोठारातलं सामान आजून वापरायचं न्हाई. त्याची तारीख यायचीय."

"म्हणजे उद्याचं सामान आजच आलंय?"

"तसंच म्हनतंय," सर म्हणायचे आणि माझ्याकडं असं बघायचे की जणू मीच ते पाठवलंय.

मशीनची तारीख मागं पडलेली असायची. दिवसभर कारण शोधून थकले की संध्याकाळी सर ती नीट करायचे, वाघर उभी राहायला लागायची, आणि नेमकी वीज जायची. अर्धवट काही ठेवायचं नाही हा नेम, म्हणून ते सगळं मोडून घरी जायचे. सकाळी येऊन बघतात तर तारीख पुन्हा मागं. सरांनी मशीनमधला घड्याळाचा सेल बदलला. परत तेच. नवा सेल खोटा म्हणून दुसऱ्या दुकानातून आणला. परत तेच. दुकानदार मला रस्त्यात गाठून विचारायला लागला, "त्ये तुमचे सर सेल खात्यात का काय?"

मी म्हटलं, सर, कुणाला तरी विचारा की. सर म्हणाले, "मानसाला इचारलं की मानूस इचार करून सांगतो. त्यानं घोटाळा वाढतो." मग म्हणाले, "आमचे आज्जे म्हनायचे, मेंढरू गेलं की समदे लांडग्याचा माग काडायला भाईर पळत्यात. आदी जाळीच्या आत बघावं. लांडगं आतच निजलेलं आसतं."

आणि एका बाजाराच्या दिवशी सर कचेरी उघडायच्या आधीच येऊन बसले. तारीख बरोबर केली आणि हाताची घडी घालून मशीनसमोर बसून राहिले. लांडगा धरायचा होता ना!

रोज सकाळी मशीन चालू करायची ती आमची झाडलोट करणारी मावशी. चिठ्ठ्याही त्याच मशीनवर तीच छापून छावणीवर पाठवायची, अण्णांनी तिला शिकवलं होतं. ती आली तर सर म्हणाले, "मावशी, आज हिला कुनी हात लावायचा न्हाई. चिठ्ठ्या मी काडतो." मावशी म्हणाली बरं, आणि झाडू घेऊन जिन्याकडं गेली. सरांनी जुना प्रोग्रॅम उघडायला घेतला. उघडेना. परत उघडून बघितला. उघडेना. आता दुसऱ्या कुणी बोंब मारली असती. सरांनी चष्मा पुसला आणि तपास सुरू केला. हे काढून बघ, ते काढून बघ, मोड, उभं कर. अण्णा घरच्यांना घेऊन कपिलधारला दर्शनाला गेलेले, त्यांचा फोन लागेना.

मी आले तेव्हा ऊन चढलं होतं. सर घामाघूम. छावणीवरचा माणूस दोनदा फोन करून शिव्या देऊन चुकला होता. जनावरं हंबरताहेत, लोक म्हणताहेत छावणी उठली, कुणी कुणी दावी सोडायला लागलंय. मी छावणीवर फोन लावला. मी म्हटलं, "आमच्या आप्पांना बोलवा फोनवर." तिकडून उत्तर आलं, "ते गेले की. गाय घिऊन बाजाराच्या वाटंला लागले."

मला पुढचं नीट आठवत नाही. मी ओरडले एवढं खरं. सरांना काय काय बोलले देव जाणे. आवाज ऐकून मावशी झाडूसकट धावत आली आणि म्हणाली, "आवं पर तारीक मागं न्हाई का घेतली तुमी?"

सर जागच्या जागी वळले. "काय?"

"तारीक. ह्यात रोज ती मागं घ्यायची आन्‌ मंग चिठ्ठ्या. अण्णांनी शिकवल्यालं. कावून घ्यायची ते मला काय ठाव? मला वाटलं तुमास्नी म्हाईत आसंल, तुमी येवडं शिकल्यालं."

मावशीच्या बोलण्यातून सगळं बाहेर आलं, अण्णांनी परतल्यावर ते कबूलही केलं. जुन्या प्रोग्रॅमची मुदत कधीच संपली होती. अण्णा ती वाढवायला विसरले आणि चेअरमनला सांगायची छाती होईना, म्हणून रोज मशीनला मागची तारीख दाखवून काम भागवत होते. आमच्याकडं तारीख मागं घेणं ही काही चोरी नाही हो, सोसायट्यांमधून सर्रास चालतं. राहिलेली नोंद करायची तर मशीन मागं न्यायचं, काम झालं की पुढं आणायचं. अण्णांनी पुढं आणायचं तेवढं सोडून दिलं होतं.

आणि सर? सरांनी टाळी वाजवली! चेहरा असा फुलला की मी तसा कधी पाहिला नव्हता. "सापडलं! ताई, सापडलं! वाघरीत समदं येगळं करता येतं, घड्याळ तेवडं येत न्हाई. घड्याळ भाईरचंच ऱ्हातं!"

"तुमचं सापडलं, आणि आमचं चाललं!" मी किंचाळले. "माझी हरणी चाललीय सर बाजारात!"

त्यांचा हात टाळीतच राहिला. मग ते खुर्चीवर बसले, स्वतःच्या हातानं तारीख मागं घेतली आणि मावशीला म्हणाले, "काडा चिठ्ठ्या. समद्या काडा." चपला न घालता जिना उतरले. मी मागं धावले. त्यांच्या स्कूटरवर आजवर कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मी बसले आणि त्यांनी किक मारली.

केजचा जनावरांचा बाजार त्या वर्षी नुसता विकणाऱ्यांचा भरायचा. धुरळ्यात हाडं मोजावीत अशी जनावरं रांगेनं उभी. हरणीला मी लांबूनच ओळखलं, तिच्या शिंगाला आईनं बांधलेला गोंडा अजून होता. आप्पा तिच्याशेजारी उभे होते आणि त्यांचा हात एका व्यापाऱ्याच्या रुमालाखाली होता.

ज्यांनी बाजार पाहिला नाही त्यांना सांगते. आमच्याकडं सौदा तोंडानं होत नाही. घेणारा नि देणारा हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात, आणि बोटांनी आकडे बोलतात. आत काय चाललंय ते त्या दोघांनाच कळतं. बाजूला बाप उभा असला तरी तो रुमालाकडं बघत नाही. हात सुटला नि मान हलली की जनावर गेलं. सौदा चालू असताना कुणी मधे पडत नाही, ही बाजाराची रीत. तिच्यापायी भांडणं झालीत, काठ्या निघाल्यात.

मी हाक मारणार तोच आप्पांनी मान खाली घातली. ती त्यांची होकाराची मान, मला ठाऊक होती. आणि सर, ज्यांनी उभ्या जन्मात कुणाशी हात मिळवला नाही ते सर, अनवाणी गर्दीत घुसले आणि त्यांनी आपला हात सरळ त्या रुमालाखाली घातला.

व्यापारी भाजल्यासारखा मागं सरकला. "आरं तिसरा हात कुनाचा बे ह्यो?" रुमाल खाली पडला. भोवती गलका झाला. कुणी म्हणालं, येडं हाय. कुणी म्हणालं, धरा. व्यापारी शिव्या देत होता, पण रुमालात तिसरा हात पडला म्हणजे सौदा बाटला, त्याला आता उभं राहायचं कारण उरलं नव्हतं. सरांची कॉलर कुणीतरी फाडली. ते तरी आप्पांचा हात सोडीनात. मी आप्पांना सांगितलं, चिठ्ठी निघालीय, छावणी उठलेली नाही, मशीन बिघडलं होतं. आप्पा माझ्याकडं, सरांकडं, परत माझ्याकडं बघत राहिले. "मशीन बिघाडलं म्हून मी हिला इकाय निघालो?" ते पुन्हा पुन्हा तेच विचारत होते. मलाच समजत नव्हतं राग कुणावर काढायचा. अण्णांवर? मावशीवर? सरांवर? का त्या तारखेवर?

परतताना आप्पा पुढं, मधे हरणी, मागं स्कूटर ढकलत सर. हरणीनं एकदा थांबून सरांचा शर्ट हुंगला तेव्हा सर म्हणाले, "भुकेली हाय."

दुसऱ्या दिवशी सरांनी चपला बाहेर काढल्या, हात धुतले आणि कामाला बसले. जणू काही झालंच नाही. त्यांनी उलटं केलं. जुन्या प्रोग्रॅमसाठी मशीनच्या पोटात आणखी एक मशीन उभं केलं, स्वतःचं घड्याळ असलेलं. त्यात मागची तारीख कायमची लावून टाकली. "खोटं आत कोंडलं," म्हणाले, "आता भाईरचं खरं राहू द्या." अण्णांचं नाव त्यांनी चेअरमनपुढं काढलं नाही, पण अण्णा त्यानंतर सरांचं बोलणं मधे तोडेनासे झाले. चिठ्ठ्या एक दिवस चुकल्या नाहीत. आणि बाहेरचं घड्याळ खरं झाल्यावर सरांची वाघर एका दुपारी उभी राहिली. लाल अक्षर एक नाही. मी म्हटलं, सर, पेढे? ते म्हणाले, "कागदावर ठिवा."

पाऊस झाला, छावणी उठली आणि सरही गेले. कुठं, ते कुणाला सांगितलं नाही. खुर्ची, कप, पाण्याची बाटली सगळं घेऊन गेले. कोपरा असा मोकळा केला की तिथं कुणी बसायचं यावर कुणाचाच विश्वास बसेना. मला वाईट वाटलं आणि रागही आला. एवढं काय, निदान येतो तरी म्हणायचं!

हरणी पुढं पुष्कळ वर्षं जगली. तिची नात आता दारात आहे. परवा आप्पांच्या पायाला तेल लावत होते तर त्यांनीच विषय काढला. "तुजा त्यो सर," म्हणाले, "त्याचा पत्ता लागला का गं?"

मी नाही म्हटलं. मग इतकी वर्षं मनात राहिलेलं विचारून घेतलं. "आप्पा, त्या दिवशी रुमालाखाली सरांनी बोटांनी आकडा कोणता सांगितला? व्यापाऱ्यापेक्षा जास्त बोलले म्हणून तुम्ही थांबलात ना?"

आप्पांनी आपल्या पंजाकडं बघितलं. त्यांनी बोटं मिटली, उघडली.

"आकडा न्हवताच गं त्यात," ते म्हणाले. "जल्मभर मी रुमालाखालची बोटं वळखली. त्याची तेवडी वळखाय आली न्हाईत. त्यानं नुस्ता हात धरला माजा. घट्ट. आन्‌ रुमाल पडला तरी सोडला न्हाई."